दामदुप्पट आणि इच्छापरिमाण

पाचव्या अणुव्रताच्या पाठात संपत्तीची नऊ नावे येतात. खेत्त, वत्थु, हिरण्ण, सुवण्ण, धण, धन्न, दुपद, चउप्पद आणि कुविय. अर्धमागधीतील ही नावे नगरच्या स्थानकात प्रतिक्रमणाला बसलेली लहान मुलेही आजोबांच्या मागोमाग म्हणतात. पाथर्डीच्या श्री तिलोकरत्न स्थानकवासी जैन धार्मिक परीक्षा बोर्डाच्या परीक्षा दिलेल्या पिढ्यांना तर त्यांचे अर्थही पाठ असतात: शेतजमीन, घरदार, चांदी, सोने, धन, धान्य, नोकरचाकर, गुरेढोरे आणि शेवटी कुविय, म्हणजे सोन्याचांदीखेरीज घरातील इतर धातू, भांडीकुंडी व सामानसुमान. दिगंबर परंपरेत ही यादी दहांची आहे. दास आणि दासी वेगळे मोजले जातात, चतुष्पदांची वेगळी नोंद नाही आणि भांड हे नाव जास्तीचे येते. पाठ म्हणून होतो, ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हटले जाते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आडते बाजारात दुकानाचे शटर वर जाते. तिथे संपत्तीची भाषा निराळी असते.

ही नऊ नावे नीट वाचली, तर त्यांत एक गोष्ट आढळत नाही. ‘श्रीमंत’ या अर्थाचे एकही विशेषण त्यांत नाही. कोण मोठा आणि कोण लहान, याची पाठाला चौकशीच नाही. दिवाळीपूर्वी वखारीतला माल मोजून काढावा तशी ती एक मोजदाद आहे. व्यापाऱ्याच्या धर्माने संपत्तीकडे पाहताना व्यापाऱ्याचीच रीत उचलली, हे मोठे मार्मिक वाटते. ज्याची मर्यादा घालायची, त्याची आधी यादी हवी.

त्यातल्या ‘धण’ या एका शब्दाचे आगमांनी आणि पुढच्या आचार्यांनी आणखी चार भाग केले, आणि ते भाग दाळमंडईतल्या माणसाला ऐकताक्षणीच ओळखीचे वाटतील. मोजून द्यायचे ते गणिम, जसे नारळ आणि सुपारी. तराजूत धरून द्यायचे ते धरिम, जसा गूळ. मापाने द्यायचे ते मेय, जसे तेल, तूप, मीठ. आणि पारखून किंवा फाडून द्यायचे ते परिच्छेद्य, जशी रत्ने आणि कापड. ज्ञाताधर्मकथेत मल्लीच्या अध्ययनात समुद्रावर निघालेले व्यापारी आपल्या जहाजात हेच चार प्रकार भरतात. सोने किती आणि रुपये किती, असा प्रश्न तिथे नाही. माल हातात कसा घ्यावा लागतो, यावरून त्याचे नाव ठरते. नगरच्या जुन्या पेठेचा नकाशाही जवळजवळ असाच आहे: गूळ-धान्याचा आडते बाजार एकीकडे, कापड बाजार दुसरीकडे, सराफ बाजार आणखी एका बाजूला.

इतर भाषांनी संपत्तीला नावे देताना कुठून आरंभ केला, हे पाहण्यासारखे आहे. इंग्रजीतला ‘वेल्थ’ हा शब्द मुळात बरे असणे, कुशल असणे या अर्थाचा. ‘हेल्थ’च्या चालीवर तो घडला. तिथला ‘रिच’ आणि आपला ‘राजा’ हे दूरचे भाऊबंद आहेत, म्हणजे श्रीमंतीचा वास तिथे सत्तेपासून सुटला नाही. फी भरताना आपण उच्चारतो तो ‘फी’ आणि संस्कृत ‘पशु’ यांचेही मूळ एक मानले जाते. आपल्या पाठातल्या चउप्पदाची आठवण तिथे होतेच. बाल्टिक समुद्राच्या काठी लाटव्हिया नावाचा छोटासा देश आहे. तिथल्या भाषेत श्रीमंताला ‘बगात्स’ म्हणतात आणि गरिबाला ‘नबग्स’. भाषेचे अभ्यासक या शब्दांचा धागा स्लाव्ह भाषांतून थेट आपल्या ‘भग’ आणि ‘भाग’ यांच्यापर्यंत नेतात. ज्याला वाटा मिळाला तो बगात्स, ज्याला मिळाला नाही तो नबग्स. आपल्याकडे त्यालाच भाग्यवान आणि अभागी म्हणतात. वाटणीच्या वेळी भावाभावांत होणारे तंटे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या शब्दांचे मूळ समजून घ्यायला कोशाची गरज पडणार नाही. याच जिल्ह्यात प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि 1950 च्या अखेरीस तिथे गाळप सुरू झाले, तेव्हा शेतकऱ्याला मिळालेली नवी पदवी ‘भागधारक’ हीच होती.

मराठीने संपत्तीसाठी शब्द गोळा करताना मुळीच संकोच केला नाही. ‘दाम’ हा ग्रीकांच्या द्राख्मा या नाण्यापासून संस्कृतातल्या ‘द्रम्म’मार्गे आला, आडत्याच्या तोंडी तो इतका मुरला आहे की त्याला परका म्हणवत नाही. रुपयाच्या पोटात रूप्य, म्हणजे चांदी आहे. माल, मालदार, मिळकत, जमा, खर्च, शिल्लक, रोकड, बाकी, तिजोरी हे सारे वेगवेगळ्या वाटांनी आले आणि एकाच चोपडीत बसले. 1 एप्रिल 1957 पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. त्यापूर्वी रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे आणि एकशे ब्याण्णव पया होत. पै व्यवहारातून गेली, तरी ‘पै-पैचा हिशेब’ गेला नाही आणि ‘सोळा आणे खरे’ हे शब्द आण्याला न पाहिलेली मुलेही बोलतात. दमडी, छदाम आणि कवडी तर आता केवळ नकार देण्यापुरत्या उरल्या आहेत. जवळ दमडी आहे, असे कोणी म्हणत नाही, दमडीही नाही असेच म्हणतात.

या सर्वांत ‘दौलत’ हा शब्द विशेष. अरबीत त्याच्या मुळाशी फिरण्याचा, पाळी येण्याचा अर्थ आहे. आज याची पाळी, उद्या त्याची. मराठ्यांच्या काळात दौलत म्हणजे राज्य. तिच्या शेजारी दुसरा शब्द होता ‘खासगी’. होळकरांच्या कारभारात या दोन शब्दांमध्ये भिंत होती. 1734 मध्ये मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे पेशव्यांनी स्वतंत्र उत्पन्न लावून दिले, ते खासगी. राज्याचा महसूल वेगळा; ती दौलत. पुढे ही खासगी अहिल्याबाईंकडे आली. 2024 मध्ये ज्यांच्या नावाने या जिल्ह्याचे नामांतर झाले, त्या अहिल्याबाईंचा जन्म याच जिल्ह्यातल्या चौंडीचा, 1725 चा. देशभरातले घाट, मंदिरे, धर्मशाळा, विहिरी यांवरचा त्यांचा खर्च मुख्यतः या खासगीतून झाला. दौलतीच्या पैशाने धर्म करून नाव स्वतःचे लावण्याचा मोह किती मोठा असतो, हे कोणत्याही संस्थेच्या विश्वस्ताला विचारावे. आज आपण ‘खासगी’ हा शब्द जे कोणाला दाखवायचे नाही त्यासाठी वापरतो. त्या काळी तो शब्द हिशेबाचा होता, आणि हिशेब स्वच्छ ठेवण्यासाठीच होता.

आता आपल्या घरच्या शब्दांकडे यावे लागते, आणि इथे वाट थोडी अवघड आहे. ‘शेठ’ म्हणजे श्रेष्ठी, प्राकृतात सेट्ठि. मराठी पेठांत शेटे आणि महाजन हे बाजाराचे वतनदार असत. ‘सावकार’ हा शब्द तर त्याहून सुंदर. ‘साव’ म्हणजे प्रामाणिक, चोराच्या उलट; तो ‘साधु’पासून आला. म्हणजे सावकार या शब्दात पैसा कुठेच नाही, सचोटी आहे. त्या माणसाचा शब्द म्हणजेच त्याचे धन, अशी त्यामागची समजूत. मग आज वृत्तपत्रात ‘सावकारी’ हा शब्द दिसला की त्यापूर्वी ‘अवैध’ आणि त्यानंतर ‘पाश’ हे शब्द जवळजवळ आपोआप का येतात?

याचे एक मोठे उत्तर याच मातीत आहे. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी आठवड्याच्या बाजारात जमाव सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चालून गेला. पाहता पाहता वणवा नगर जिल्ह्यात पोचला. पारनेर, श्रीगोंदे, नगर आणि कर्जत या तालुक्यांतली अनेक गावे पेटली. अमेरिकेतल्या यादवीच्या काळात चढलेले कापसाचे भाव उतरले होते, सरकारने शेतसारा वाढवला होता, आणि कर्ज मात्र कागदावर वाढतच होते. जमावाला तिजोरी हवी नव्हती, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण त्याचा रोख मुख्यतः कागदांवर होता. खते, रोखे, हुकूमनामे बाहेर काढून त्यांची होळी केली गेली, आणि कागद मुकाट्याने दिले तिथे बहुधा अंगाला हात लागला नाही. मराठीत ‘खत’ या एकाच उच्चाराचे दोन अर्थ आहेत: शेतात घालायचे ते आणि सही-अंगठा घेऊन लिहायचे ते. त्या वर्षी शेतकऱ्याने दुसऱ्याची राख केली.

त्या घरांत आपल्या समाजातली घरे होती, हे सांगताना आवाज खाली आणण्याचे कारण नाही. उंच करण्याचेही नाही. मारवाड-गुजरातेतून घोड्यावर, बैलगाडीत, पायी आलेली कुटुंबे खेड्यात राहिली, दुष्काळात त्यांनी उधार दिले, त्यांच्या उधारीवर पेरण्या झाल्या, हेही खरे. आणि निरक्षर कुणब्याने अंगठा उठवलेल्या कागदावर काय लिहिले आहे, हे फक्त एकाच पक्षाला वाचता येत होते, हेही तितकेच खरे. शासनाने चौकशी आयोग नेमला आणि 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. कर्जखत गावच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोर व्हावे, कर्जदाराला पावती आणि वर्षाचा हिशेब द्यावा, आणि न्यायालयाने कागदावरचा आकडा प्रमाण न मानता त्यामागचा व्यवहार तपासावा, असे त्यात आले. पावती देणे ही गोष्ट कायद्याने सांगावी लागली, यात ‘साव’ या अक्षरांची सारी शोकांतिका आहे.

गंमत अशी की कर्जाला मर्यादा घालणारा एक शब्द त्यापूर्वीपासूनच मराठीच्या पदरात होता. तो म्हणजे ‘दामदुप्पट’. जुन्या हिंदू व्यवहारधर्माचा नियम असा की कोणत्याही एका वेळी वसूल करायचे थकलेले व्याज मुद्दलापेक्षा अधिक होता कामा नये. शंभर दिले, तर व्याजाचे शंभर, एकूण दोनशे. त्यापुढे सावकाराने हात आखडायचा. मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनीही हिंदू पक्षकारांच्या बाबतीत हा नियम मानला. म्हणजे दामदुप्पट हे कुंपण होते. आज हाच शब्द भिंतीवरच्या जाहिरातीत भेटतो: अमुक महिन्यांत दामदुप्पट! ज्या शब्दाने धनकोला थांबवायचे, तोच शब्द ठेवीदाराला बोलावू लागला. ‘पत’ आणि ‘ठेव’ या दोन शब्दांवर विश्वासून ज्यांनी आयुष्याची पुंजी एखाद्या पतसंस्थेत ठेवली आणि नंतर वर्षानुवर्षे खिडकीपुढे रांग लावली, अशी माणसे या जिल्ह्यात गावोगाव आहेत. त्यांना मुद्दल हवे असते. दुपटीचे कोणी नावही काढत नाही.

शब्दांना जपण्याची आपली एक रीत मात्र अजून टिकून आहे. मारवाडी घरात दुकान ‘बंद’ करत नाहीत, ‘मंगल’ करतात. दिवा विझवत नाहीत, तो शांत करतात किंवा मराठी वळणाने ‘वाढवतात’. जे संपते त्याला संपले म्हणायचे नाही. ‘दिवाळे’ या शब्दाची कथा याच्या अगदी उलट आहे. व्यापारी बुडाला की भरदिवसा दारात दिवा लावून तो हे जाहीर करी, त्यावरून तो शब्द आला, असे सांगतात. एकाच दिव्याने दिवाळी होते आणि दिवाळेही.

दिवाळीला वहीपूजन होते, तेव्हा पहिल्या पानावर जे मागितले जाते, ते नीट पाहावे. गौतमस्वामींची लब्धी, शालिभद्रांची ऋद्धी, कयवन्ना शेठचे सौभाग्य, अभयकुमारांची बुद्धी, बाहुबलींचे बळ. संपत्तीचा एक शब्द पुरला नाही म्हणून पाच माणसांकडून पाच शब्द मागून आणले आहेत. आणि ज्यांच्याकडे मागितले, त्यांनी शेवटी काय केले, हे मागणाऱ्याला ठाऊक असते.

शालिभद्रांची कथा सर्वांना माहीत आहे, तरी तिच्यातला एक शब्द पुन्हा ऐकण्यासारखा आहे. राजगृहीत सोळा रत्नकंबले विकायला आली; राजाला परवडली नाहीत. शालिभद्राच्या मातेने, भद्रेने, ती सगळी घेतली, प्रत्येकाचे दोन तुकडे केले आणि बत्तीस सुनांना वाटून टाकले. त्यांनी पाय पुसून फेकून दिले. ही श्रीमंती पाहायला श्रेणिक राजा स्वतः आला. आईने सातव्या मजल्यावरच्या मुलाला निरोप पाठवला की श्रेणिक आले आहेत, खाली ये. मुलाला वाटले, श्रेणिक नावाचा काही किराणा माल आला असावा. त्याने सांगितले, घेऊन वखारीत टाका. आईला सांगावे लागले, बाळा, हा माल नाही. हा आपला मालक आहे, नाथ आहे. आपल्यावर कोणी नाथ आहे, हे त्याला त्या क्षणी प्रथम कळले, आणि तिथून त्याच्या वैराग्याला आरंभ झाला. ज्याच्या कोशात ‘माल’ होता आणि ‘मालक’ नव्हता, त्याला तो दुसरा शब्द एका दुपारी शिकावा लागला. कथाकारांनी उपदेशाची पाने न भरता एका गैरसमजात हे सांगितले, याचे कौतुक वाटते.

उपासकदशांगातल्या आनंद श्रावकाची गोष्ट याहून कमी नाट्यमय आहे आणि व्यापाऱ्याच्या अधिक उपयोगाची. वाणिज्यग्रामातल्या या गृहस्थाचे बारा कोटी हिरण्य तीन ठिकाणी सारखे विभागलेले होते: चार कोटी निधानात, म्हणजे गाठीला, चार कोटी वृद्धीत, म्हणजे व्याज-व्यापारात, चार कोटी प्रविस्तरात, म्हणजे घरदार आणि सामानात. शिवाय दहा-दहा हजार गायींचे चार व्रज. आजचा सनदी लेखापाल याहून निराळा सल्ला देणार नाही. भगवान महावीरांकडून त्याने व्रत घेतले तेव्हा ही संपत्ती सोडली नाही. याहून अधिकाचा त्याग, एवढेच तो म्हणाला. पाचशे नांगर, प्रवासाच्या पाचशे गाड्या, मालवाहतुकीच्या पाचशे गाड्या, सगळे आकड्यांत सांगितले. व्रताच्या त्या दिवशी त्याच्या घरातून एक कवडीही बाहेर गेली नाही, तरी त्याच्या व्रताचे नाव इच्छापरिमाण. मोजमाप इच्छेचे झाले. उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या करताना वस्तूंची यादी दिली नाही. ‘मूर्च्छा’ हा एक शब्द वापरला. मराठीत मूर्च्छा म्हणजे शुद्ध हरपणे. हिशेब चोख असूनही शुद्ध हरपलेली माणसे बाजारात दिसतात.

आता नव्या पिढीचा प्रश्न. नगरच्या एखाद्या घरात पर्युषणात आजोबा परिमाणाचा जुना कागद काढतात. त्यावर 1950 च्या सुमाराचा आकडा आहे, रुपयांत. तेव्हा दहा ग्रॅम सोने शंभर रुपयांच्या आसपास मिळे. 2025 मध्ये त्याच सोन्याने लाखाची पायरी ओलांडली. आकडा पाळायचा, तर घर मोडावे लागेल. आकडा बदलायचा, तर मर्यादा ती कसली? म्हणून काही जाणते लोक परिमाण रुपयांत लिहीतच नाहीत; एकर, तोळे, खोल्या, गाड्या असे लिहितात. पाठातली नऊ नावे इथे उपयोगी पडतात, कारण रुपया हे त्यांतले एकही नाव नाही. नात लेखापालाच्या परीक्षेचा अभ्यास करते. तिच्या तोंडी ‘नेटवर्थ’ हा शब्द असतो, ज्यात शेत, घर, सोने, सगळे वितळून एक आकडा होते. आजोबांना तो शब्द आवडत नाही. आकडा एक झाला की त्याला शिवण राहत नाही, असे त्यांचे म्हणणे. नात म्हणते, शिवण असो, पण डीमॅट खाते कोणत्या नावात बसवायचे? खेत्त नाही, वत्थु नाही, सुवण्ण नाही. धणच असेल, तर गणिम की परिच्छेद्य? मोजता येतात म्हणून शेअर गणिम, असे आजोबांचे मत पडते. पारखून घ्यावे लागतात म्हणून परिच्छेद्य, असा नातीचा आग्रह असतो. यंदाच्या चातुर्मासात महाराजसाहेबांना विचारायचे ठरले आहे. तोवर त्या ओळीपुढची जागा कोरी ठेवली आहे.